कोण राहिला, ते आधी विचारा

प्रो कबड्डी लीगमधल्या आपल्या पुणेरी पलटणचा नवा मोसम जवळ आला की आमच्याकडे एकच वाद पेटतो: यंदा कोणाला घ्यायचं? पहाटे पळून आलेली मुलं कर्वेनगरच्या अमृततुल्यात यावरच बोलतात. संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर बसणारे जुने खेळाडू यावरच बोलतात. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारीही जेवणाचा डबा उघडता उघडता हाच विषय काढतो. परवा त्या अमृततुल्यात एका मुलानं फोनवर सगळा हिशेब मांडून दाखवला. लिलावात खर्चायची पाच कोटींची पर्स, त्यातून राखलेले खेळाडू वजा, उरलेल्या पैशात एक मोठा चढाईपटू आणि एक इराणी कोपरारक्षक. "काका, दोन कोटी टाकले की झालं. ट्रॉफी पुण्यात." त्याच्या मित्राचं म्हणणं नेमकं उलटं. "बाहेरचे हवेत कशाला? सगळे महाराष्ट्राचे घ्या, हरलो तरी हरकत नाही." दोघं अर्धा तास तावातावानं बोलले. चहा दोनदा झाला. पण मागच्या वर्षीच्या संघातले कोण राहणार, कोणाच्या शेजारी कोण उभा राहणार आणि ते दोघं किती दिवस एकत्र खेळले आहेत, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

हा वाद घालूच नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्या संघाबद्दल कोणी भांडत नाही, तो संघ शहराचा राहत नाही. माझी तक्रार वाद कुठून सुरू होतो याबद्दल आहे. कबड्डीचा संघ लिलावात पुरा होतो, पण उभा राहतो तो लिलावाच्या आधी दोन-तीन वर्षं. महागडा खेळाडू म्हणजे बांधकामातला शेवटचा दगड. खालची भिंत पक्की असेल तर तो शोभतो आणि भार पेलतो. भिंतच नसेल तर तो जमिनीवर पडून राहतो, मग त्याची किंमत कितीही असो. आपण चाहते मात्र दर वर्षी या शेवटच्या दगडावरूनच हमरीतुमरीवर येतो आणि भिंतीकडे बघतही नाही.

समोरच्याचा मुद्दा हलका नाही, हे आधी मान्य करतो. पलटणचं पहिलं आणि आजवरचं एकमेव विजेतेपद दहाव्या मोसमातलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून ते मिळालं. त्याआधी ऑक्टोबर २०२३च्या लिलावात याच पलटणनं इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. संघाला खर्चायला पाच कोटींची मर्यादा आणि त्यातला जवळजवळ निम्मा पैसा एका माणसावर! तेव्हा ओट्यावर अनेकांनी कपाळावर हात मारला होता, त्यांत मीही होतो. पाच महिन्यांनी ट्रॉफी आली. मग "पैसा टाका, ट्रॉफी घ्या" असं त्या मुलाला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

चुकलं ते असं. त्याच लिलावात शादलूईपेक्षाही मोठी बोली लागली होती. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार देऊन घेतलं. तोवरच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी बोली. पवन काही नावापुरता मोठा नाही. त्या मोसमात जवळपास दोनशे गुण त्यानं एकट्यानं आणले. चढाईला गेला की प्रेक्षक खुर्चीवरून उठायचे. आणि टायटन्स? बावीस सामन्यांत दोन विजय आणि तक्त्यात तळाला. एकाच लिलावातल्या दोन मोठ्या बोल्या. एक संघ ९६ गुणांनी तक्त्याच्या माथ्यावर बसला, दुसरा सगळ्यात खाली. पैशानंच संघ होत असता तर या दोघांत एवढं अंतर कुठून आलं?

अंतर आलं ते संघातल्या उरलेल्या माणसांतून. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही नावं आठवा. यांतली बहुतेक पलटणमध्येच मोठी झाली. आठवा मोसम ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल: पलटणकडे तेव्हा राहुल चौधरी होता, नितीन तोमर होता. ही एके काळी लिलाव गाजवणारी माणसं. नितीन तोमरसाठी तर सहाव्या मोसमात पलटणनं १ कोटी १५ लाख मोजले होते आणि त्या वर्षी प्लेऑफचं तोंडही दिसलं नव्हतं. आठव्या मोसमात ही मोठी नावं मागे पडली आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेले अस्लम आणि मोहित पुढे आले. दोन पोरांनी संघ प्लेऑफपर्यंत ओढत नेला. पुढच्या वर्षी तोच गट अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून चार गुणांनी हरला. त्याच्या पुढच्या वर्षी शादलूई आला. म्हणजे भिंत दोन वर्षं चढत होती, मग दगड बसला. त्या भिंतीतले गडी तरुण होते, घरचे होते, म्हणून स्वस्तही होते. एका माणसावर निम्मी पर्स ओतण्याची ऐपत पलटणला आली ती त्यामुळेच. टायटन्सकडे ती ऐपत नव्हती. त्यांनी छप्पर आधी विकत घेतलं.

शादलूईचाच पुढचा प्रवास बघा. पलटणनं त्याला सोडलं, अकराव्या मोसमात हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि हरियाणा पहिल्यांदा विजेता झाला. बाराव्या मोसमात गुजरात जायंट्सनं २ कोटी २३ लाख मोजले आणि गुजरात पहिल्या आठांतही नव्हता. माणूस तोच, वय फार तर वर्षा-वर्षानं वाढलेलं, किंमतही त्याच घरातली. बदललं काय? हरियाणाकडे प्रशिक्षक मनप्रीत सिंगच्या हाताखाली वाढलेला बचाव होता. जयदीप आणि राहुल सेठपाल एकमेकांना डोळे मिटून ओळखत होते, आणि हाच गट आदल्या वर्षी आपल्याशी अंतिम सामना खेळला होता. तिथेही भिंत आधी, दगड नंतर. गुजरातला भिंत नव्हती.

याहून बोलका दाखला नवव्या मोसमातला. पवनला तेव्हा तमिळ थलाइवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि अख्खा मोसम तो बाहेर बसला. संघाची सगळी मांडणी ज्याच्याभोवती, तोच नाही. थलाइवाज तिथेच संपायला हवे होते, नाही का? पण नरेंदर नावाचा एक नवा पोरगा उभा राहिला, सागर राठी आणि साहिल गुलिया यांनी कोपरे सांभाळले आणि तो संघ आपल्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. तिथे त्यांना हरवायला आपल्या पलटणला ३९-३७ असा घाम गाळावा लागला. सव्वादोन कोटी खेळायला आलेच नाहीत, तरी संघ आला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं निकालानंतरचं शहाणपण. म्हणून मी निकाल बाजूला ठेवून मैदानातली एक गोष्ट सांगतो. ती मी हातानं शिकलो आहे.

पेठेतल्या आमच्या मंडळाकडून मी मातीवर डाव्या कोपऱ्याच्या शेजारी खेळायचो. कोपऱ्याला उभा राहणारा माझा मित्र होता. आम्ही दोघं एका वाड्यात वाढलो. साखळीत तो माझी बोटं धरायचा नाही, मनगट धरायचा. घामानं बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. चढाई करणारा बोनस रेषेकडे झुकला की त्याचा अंगठा माझ्या मनगटावर एकदा दाबला जायचा. याचा अर्थ, मी पायाला जातोय, तू वरून ये. दोनदा दाबला तर, थांब, हुलकावणी आहे. हे आम्ही कोणाकडून शिकलो नव्हतो आणि कधी बोलूनही ठरवलं नव्हतं. चार पावसाळे एकत्र खेळून ते आपसूक झालं. एका वर्षी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी मंडळानं बाहेरून एक नावाजलेला कोपरारक्षक आणला. त्याची घोट्याची पकड जिल्ह्यात प्रसिद्ध होती, आणि खरंच तशी पकड मी पुन्हा पाहिली नाही. तो सामन्याच्या आदल्या रात्री आला. माझा मित्र राखीव बसला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा चढाईपटू आमच्या बाजूला उतरला. नव्या गड्यानं माझा हात झटकला. मला वाटलं तो मागे सरतोय. त्यानं हात झटकला होता तो झेप घ्यायला. त्याच्या हातात घोटा आला होता, पूर्ण आला होता. फक्त वरून यायला कोणी नव्हतं, कारण मी अर्धं पाऊल मागे गेलो होतो. चढाईपटूनं त्याला ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावला. आम्ही दोन गुणांनी हरलो. त्या गड्याची काही चूक नव्हती. माझीही होती असं मला आज वाटत नाही. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, एवढंच. आणि ती एका रात्रीत शिकवता येत नाही.

कबड्डी या बाबतीत इतर खेळांपेक्षा जास्त कडक आहे. क्रिकेटमध्ये आदल्या दिवशी विमानातून उतरलेला फलंदाज दुसऱ्या दिवशी शतक ठोकू शकतो, कारण चेंडू आणि तो यांच्यात तिसरं कोणी नसतं. फुटबॉलमध्येही एखादा आघाडीचा खेळाडू एकट्याच्या बळावर गोल काढतो. कबड्डीतला बचाव अक्षरशः हातात हात घालून उभा असतो. एकाचं अर्धं पाऊल चुकलं की सातांचं चुकतं. चढाईपटू एक वेळ बाजारातून आणता येईल. साखळी बाजारात मिळत नाही.

समोरच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा मात्र अजून बाकी आहे. तो अकराव्या मोसमाचा. विजेत्या संघानं आपला सर्वोत्तम बचावपटू सोडला, "आमचा गाभा शाबूत आहे" असं आपण चाहतेही म्हणत राहिलो, आणि संघ आठव्या क्रमांकावर घसरला. त्यातून आणखी जिव्हारी लागलं ते असं की २९ डिसेंबर २०२४ला अंतिम सामना आपल्याच बालेवाडीत झाला आणि आपल्याच घरात शादलूईनं दुसऱ्याच्या जर्सीत ट्रॉफी उचलली. मी त्या रात्री त्या हॉलमध्ये होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक लहान मुलगी पलटणचा केशरी झेंडा गुंडाळून मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या बापानं विचारलं, "कोणाला पाठिंबा द्यायचा?" ती म्हणाली, "शादलूईला." त्या उत्तराला काय प्रत्युत्तर आहे? राखण्याचं एवढं गुणगान करायचं, तर मग त्यालाच का नाही राखलं?

हा प्रश्न मला टाळायचा नाही. त्याला राखता आलं असतं तर राखायला हवं होतं, हे मी सरळ मान्य करतो. आपला जुना खेळाडू दुसऱ्याच्या बोलीला जाऊ लागला तर शेवटची बोली जुळवून त्याला परत घेण्याची सोय लिलावात असते. ती कोणासाठी वापरायची हा निर्णय असतो आणि निर्णय चुकू शकतो. पण त्या मोसमाची सगळी जबाबदारी शादलूईच्या जाण्यावर टाकणं म्हणजे अर्धंच खरं. कर्णधार अस्लम मोसमाच्या पहिल्या टप्प्यातच गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. ज्या चढाईपटूभोवती संघाची चाल बांधलेली, तो डगआउटमध्ये कुबड्या घेऊन बसला तर कुठलाही संघ डळमळेल. आणि पुढच्या वर्षी काय झालं? घाबरून सगळा संघ मोडून नवा बाजार मांडला असता तर मी हा लेख लिहिला नसता. पलटणनं गाभा तसाच ठेवला. बाराव्या मोसमात तोच गाभा तक्त्यात वर आला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत अंतिम सामना खेळला. दबंग दिल्लीकडून ३१-२८ असे हरलो, दुखलं. पण त्याच्या आधीच्या सामन्यात तेलुगू टायटन्सवर ५०-४५ असा विजय ज्याच्या चढायांवर उभा राहिला, तो आदित्य शिंदे दोन वर्षांपूर्वी कोणाला माहीत होता? तो विजेत्या संघात मागच्या बाकावर बसून शिकत होता. चार मोसमांत तीन अंतिम सामने. एवढं सातत्य त्या काळात दुसऱ्या कुठल्या संघानं दाखवलं?

आता त्या दुसऱ्या मुलाकडे वळतो. सगळे महाराष्ट्राचे घ्या म्हणणाऱ्या. त्याची भावना मला परकी नाही. हुतूतूला नियम मिळाले ते याच मातीत, बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्यं दिली ती याच मातीत, आणि तरीही कित्येक वर्षं राष्ट्रीय संघात मराठी नाव शोधावं लागायचं. नगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार म्हणून ट्रॉफी उचलतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, ते का येतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण "आपला" कोण हे जन्मदाखल्यावरून ठरवायचं का? मोहित हरियाणाचा, अबिनेश तमिळनाडूचा. ते पोरसवदा वयात इथे आले, इथल्या मॅटवर गुडघे सोलून घेतले, इथे हरले आणि इथे जिंकले. ते आपले नाहीत?

पुण्याच्या इतिहासानं या प्रश्नाचं उत्तर दोनदा दिलं आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारदी होता. निजामाच्या चाकरीतून आलेला, कवायती पलटणींचा सरदार, पगारी. छावणीतल्या जुन्या सरदारांना त्याची रीत पटत नव्हती. गनिमी काव्यात वाढलेल्यांना गोलाची लढाई, म्हणजे रचना न मोडता एकत्र लढणं, पायात बेडी वाटायची. पण १४ जानेवारी १७६१ला हा "बाहेरचा" माणूस शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. हटला नाही. मग बिघडलं कुठे? त्या दिवसाच्या वर्णनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: गारद्यांची फळी रोहिल्यांना मागे रेटत असताना आपलेच घोडेस्वार उतावीळपणे पुढे घुसले आणि गोल मोडला. फळी आणि घोडदळ यांनी एकत्र लढण्याचा सराव कधी केलाच नव्हता. दोन्ही शूर होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

दुसरा दाखला याच्या उलट. महादजी शिंद्यांनी द ब्वान्या या युरोपीय अधिकाऱ्याकडून कवायती फौज बांधून घेतली आणि तिच्या जोरावर उत्तर जिंकली. वानवडीच्या त्यांच्या छत्रीसमोरून जाताना मला दर वेळी ते आठवतं. महादजी १७९४ साली गेले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध उभं राहिलं तेव्हा शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी असईच्या लढाईआधीच निघून गेले, आणि सेनापती पेराँ उत्तरेत लढाई अर्ध्यावर सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिपाई मात्र राहिले. असईला त्यांच्या तोफखान्यानं इंग्रजांना जो फटका दिला, तो खुद्द शत्रूनं मान्य केला. तो तोफखाना चालवणारे गोलंदाज वर्षानुवर्षं एकत्र राबलेले होते. बाहेरून आला म्हणून इब्राहिमखान वाईट ठरला नाही आणि बाहेरून आणला म्हणून पेराँ विश्वासाचा झाला नाही. पलटण हा शब्दच मुळी परक्या कवायतीबरोबर मराठीत आला आणि इथलाच होऊन बसला. शब्दाला जे जमलं ते माणसाला का जमू नये? त्याला वेळ द्यायला हवा, एवढंच.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला सगळ्यांत मानवी वाटतो. खेळाडूनं का राहावं? कबड्डीपटूची कारकीर्द छोटी असते. एक गुडघा, एक खांदा, आणि बत्तिसाव्या वर्षी माणूस नोकरी शोधायला लागतो. दुसरा संघ दुप्पट देत असेल तर त्याच्या घरच्यांच्या डोळ्यांत बघून "निष्ठा ठेव" म्हणायचा मला काय अधिकार? काहीच नाही. ज्यानं शेतावर राबून, मिळेल ते काम करून खेळ टिकवला, त्यानं बाजारात आपली किंमत वसूल करावी, आणि मी टाळ्या वाजवाव्यात. पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. खेळाडूवर राहण्याची सक्ती नाही, म्हणून त्याला राहावंसं वाटेल असा संघ करणं ही संघाची जबाबदारी, आणि ती पार पडते की नाही हे विचारणं आपली. नाशिकचा आकाश शिंदे बाराव्या मोसमात बेंगळुरू बुल्सकडे गेला. पलटणमध्ये घडलेला, विजेत्या संघात चढाया केलेला मुलगा. शादलूई गेला तेव्हा आमच्या ओट्यावर महिनाभर सुतक होतं. आकाश गेला त्याबद्दल कोणी दोन वाक्यं बोललं असेल तर मी ऐकली नाहीत. का? त्याच्या नावापुढे कोटीचा आकडा नव्हता म्हणून?

आणि राखण्याचा आग्रह पुण्यानं तरी सोडू नये, कारण बाजारातून आणलेले संघ कसे येतात आणि कसे जातात हे आपल्याएवढं कोणी पाहिलेलं नाही. आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स २०११ला आले, २०१३ला संपले. रायझिंग पुणेनं २०१७ला बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी टाकले, अंतिम सामना एका धावेनं हरले आणि त्याच रात्री त्या संघाचं आयुष्य संपलं. स्टोक्स उत्तम खेळला, यात वाद नाही. पण आज त्या संघातून पुण्याला आपलं म्हणून कोण आठवतं? दहा लाखांत आलेला राहुल त्रिपाठी. फुटबॉलचं तर विचारूच नका. एफसी पुणे सिटीनं २०१४ला विश्वविजेत्या संघात खेळलेला त्रेझगे आणला. बालेवाडीत आम्ही त्याला बघायला गेलो होतो, आणि तो क्षण मोठाच होता. २०१९ला क्लब बंद झाला, जागा हैदराबादला गेली. त्याच्याआधी पुणे एफसी होता, आय-लीगमध्ये २०१२-१३ला उपविजेता ठरलेला, स्वतःच्या अकादमीतून मुलं घडवणारा. तोही टिकला नाही. पण आज शहरातल्या फुटबॉलवाल्यांशी बोला. त्रेझगेच्या गोलांबद्दल ते फार बोलणार नाहीत, अकादमी गेल्याची हळहळ मात्र हमखास ऐकू येईल.

म्हणून नव्या मोसमाआधी आपला प्रश्न बदलायला हवा. लिलावाच्या दिवशी टीव्हीपुढे बसून हातोडा कितीवर पडतो ते जरूर बघा, मीही बघेन. पण त्याच्या आधी राखलेल्या खेळाडूंची यादी येते, ती दोन मिनिटांत वाचून फोन बाजूला ठेवू नका. त्या यादीत नव्या तरुण खेळाडूंची जी रांग असते, जिच्यावर कोणाचीच नजर ठरत नाही, तीच पुढच्या तीन वर्षांची पलटण असते. युवा पलटणमधून वर किती आले? ज्याला मागच्या वर्षी दोन सामने मिळाले, त्याला या वर्षी दहा मिळतील अशी जागा ठेवली आहे का? अस्लमचा गुडघा पुन्हा दुखला तर त्याच्या जागी उभा राहणारा आज सराव कोणाबरोबर करतोय? एखादा मोठा परदेशी कोपरारक्षक घेणार असाल तर त्याला पहिल्या सामन्याआधी किती आठवडे शिबिरात मिळणार आहेत? हे प्रश्न आपण मोठ्यानं विचारले, समाजमाध्यमांवर विचारले, बालेवाडीच्या गेटवर विचारले, तर संघ चालवणाऱ्यांनाही कळेल की पुण्याचा प्रेक्षक फक्त आकड्यांना भुलत नाही.

त्या अमृततुल्यातल्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या यादीत इराणी डावा कोपरा आहे. त्याच्या शेजारी कोण?" त्यानं फोन वर-खाली केला. नाव लिहिलेलं नव्हतं. त्याचा मित्र म्हणाला, "काका, खरं तर तुम्हीच सांगा, कोण हवा?" मी म्हटलं, "जो मागच्या वर्षी होता तो. त्याचं नाव यादीत दिसलं की मग कोपऱ्याचं बघू." मग आम्ही तिघांनी त्या फोनवर मागच्या मोसमातला एक सामना लावला आणि पकडीच्या वेळी कोण कोणाचं मनगट धरतंय ते थांबवून थांबवून बघत बसलो.